जागं न झालेलं कृष्णविवर

माझी मुलगी काय करते असं कोणी विचारलं की मी आधी पदर सारखा करते. तेवढ्या वेळात बहुतेक दुसरं कोणीतरी उत्तर देऊन टाकतं. शेजारच्या बाई सांगतात, त्यांची मुलगी परदेशात ताऱ्यांचं बघते. मग विचारणारी बाई मुलाच्या पत्रिकेचा विषय काढते, साडेसाती कधी सुटेल म्हणते. मी म्हणते, नाही, तसलं नाही. आणि तिथेच माझं बोलणं संपतं. पुढचं सगळं मनात येतं, पण तोंडातून निघत नाही. ते इथे लिहिते. कोणाला दाखवायचं नाही, त्यामुळे घाई नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या गावात तेवढीच शाळा होती. लग्न होऊन नामपूरजवळच्या सासरी आले, आणि यांना सातपूरच्या एका कारखान्यात काम लागल्यावर नाशिकला. सिडकोतल्या दोन खोल्यांत आम्ही संसार केला. मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. ते काम मला आवडतं, कारण बायका साडी ठेवून जातात, घेऊन जातात, फार बोलावं लागत नाही.

आम्हाला एकच मुलगी. ती लहानपणापासून अभ्यासात बरी होती, पण फार काही वेगळी होती असं मला वाटलं नाही. कॉलेजात गेल्यावर एक दिवस पिठाची पिशवी घेऊन घरात आली आणि पिशवी ओट्यावर ठेवायच्या आधी माझा हात तिच्यात घातला.

"गरम लागतं ना?" म्हणाली.

गिरणीतून आलेलं पीठ गरमच असतं. मी म्हटलं, त्यात काय नवीन. तर ती तिथेच बसून सांगायला लागली. आकाशात आपल्या आकाशगंगेसारख्या पुष्कळ आकाशगंगा आहेत. बहुतेकींच्या मधोमध एक कृष्णविवर असतं. त्याच्यातून उजेडसुद्धा बाहेर येत नाही, म्हणून ते दिसत नाही. पण त्याच्याभोवती वायू गरगर फिरत आत पडायला लागला, की तो एकमेकांवर घासून जात्यातल्या पिठासारखा तापतो. इतका तापतो की त्या एवढ्याशा जागेचा उजेड सगळ्या आकाशगंगेहून जास्त होतो. अशा आकाशगंगेला सक्रिय म्हणतात. काही कृष्णविवरं खात असतात, काही उपाशी बसलेली असतात. आपल्या आकाशगंगेतलं सध्या जवळजवळ उपाशीच आहे.

मी विचारलं, "मग ते कधी खायला लागतं?"

ती म्हणाली, "तेच तर कोणाला नीट माहीत नाही."

तिचं पुढचं सगळं शिक्षण आणि नोकरी या एका प्रश्नामागे गेली. तेव्हा मला ते कळलं नव्हतं. मी पीठ डब्यात भरलं आणि पोळ्या केल्या.

पुण्याला एम.एस्सी. झाली, मग पीएच.डी. सुरू झाली. ती सुरू झाली ती संपेचना. नातेवाईक विचारायचे, अजून शिकतेच आहे का? संपली तेव्हा नावापुढे डॉक्टर लागलं आणि गल्लीतल्या एक आजी रक्तदाबाच्या गोळ्या दाखवायला आल्या. मग ती परदेशात गेली. तिथे नोकरी म्हणजे दोन-दोन वर्षांची. एका देशात दोन वर्षं, पुन्हा सामान बांधायचं, दुसऱ्या देशात दोन वर्षं. तिच्या बरोबरीच्या मुलींची मुलं शाळेत जायला लागली आणि ही अजून दर वेळी नव्या खोलीसाठी पातेली विकत घेत होती.

लोकांना वाटतं ती रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसते. मलाही तसंच वाटायचं. फोनवर मी तिला सारखी सांगायची, स्वेटर घालून बस. ती हसायची. तिची एक दुर्बीण पृथ्वीबाहेर फिरत असते, तिला रात्र काय आणि दिवस काय. ही आपली चार भिंतींत कॉम्प्युटरसमोर असते. दुर्बीण कोणा एकाची नसते. काय बघायचं आहे आणि का बघायचं आहे हे लिहून वेळ मागावा लागतो, आणि जगभरातून पुष्कळजण मागतात. त्या मागणीत आपण कोण, कुठले, कोणाच्या हाताखालचे हे लिहायचं नसतं. वाचणाऱ्यांना फक्त प्रश्न दिसतो, माणूस दिसत नाही. हे मला फार आवडलं. मी तिला म्हटलं, अशी पद्धत बाकीच्या ठिकाणीही हवी होती. ती म्हणाली, आई, मग तू तर कुठे कुठे पोचली असतीस.

तिच्याकडे एक आकाशगंगा होती. तिची म्हणजे तिने निवडलेली. तिला नाव नाही, नुसता लांबलचक आकडा. तिच्या मधलं कृष्णविवर उपाशी होतं आणि कित्येक वर्षं तिथे काही घडलं नव्हतं. हिने हिशोब करून ठरवलं होतं की भोवती वायू जमतो आहे, हे लवकरच जागं होईल. बाकीचे म्हणत होते, लवकर म्हणजे तुझ्या नातवंडांच्या काळात. आणि मग एका हिवाळ्यात तिथला उजेड अचानक वाढला. तिने फोन केला तेव्हा तिला नीट बोलता येत नव्हतं. मला वाटलं आजारी आहे.

तिचा शोधनिबंध छापून आला. नाशिकच्या वर्तमानपत्रातही बातमी आली. नाशिकच्या लेकीने कृष्णविवराला जागं होताना पाहिलं, असं काहीतरी मोठ्या अक्षरांत. यांनी अंक विकत आणून सगळ्यांना वाटले. जे कधी बोलत नव्हते ते कारखान्यातले लोक घरी येऊन गेले.

ही बातमी आली ती वेळ महत्त्वाची होती. तिची परदेशातली नोकरी त्या वर्षाअखेर संपत होती आणि पुढे वाढणार नव्हती. दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत कायमची जागा निघाली होती. एकच जागा. तिथल्या मुलाखतीला तिला बोलावणं आलं, आणि आलं ते या शोधनिबंधामुळे, असं तिचं म्हणणं. ती जागा मिळाली नाही तर पुण्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर आकडे बघायचं काम होतं. त्यांनी तिला होच म्हटलं होतं. पगार उत्तम. फक्त आकाशाशी संबंध संपला. "मग मी बघेन की सुट्टीच्या दिवशी गच्चीवरून," असं ती म्हणाली होती, आणि लगेच विषय बदलला होता.

मुलाखतीच्या आधी श्रावणात ती घरी आली, नोकरीचं उरलेलं काम ती इथूनच लॅपटॉपवर करणार होती. श्रावणात सासरी कानबाई बसते, ती आमच्या कुळाची देवी. आमच्याकडचा तो मोठा सण. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई मांडतात, सोमवारी नदीवर पोचवतात, आणि नोकरीधंद्याला कुठेकुठे गेलेले सगळे भाऊबंद त्यासाठी गावी येतात. कानबाईचा रोट, म्हणजे तिचा प्रसाद, फक्त कुळातल्यांनी खायचा. लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या मुलीला तो देत नाहीत. माझी मुलगी अजून कुळातलीच. ती ज्या वर्षी सणाला येते त्या वर्षी माझी थोरली जाऊ तिच्या ताटात रोट वाढताना म्हणते, "खाई ले पोरी, पुढला साल तुले भेटाव नही." पुढच्या वर्षी तुला मिळायचा नाही, म्हणजे तोवर तुझं लग्न झालेलं असो. मुलगी दर वेळी खाते आणि म्हणते, मोठी आई, मग अजून एक वाढ.

त्या वर्षी माझ्या थोरल्या दिरांनी ठरवलं की सोमवारी कानबाई पोचवून आल्यावर गावाच्या वतीने मुलीचा सत्कार करायचा. ते कांद्याचे शेतकरी, गावात शब्दाला मान. मारुतीच्या देवळासमोर मंडप घातला. सरपंच, शाळेचे हेडमास्तर, सगळ्यांना निमंत्रण. फाट्यावर फ्लेक्स लागला. त्यावर एका लग्नात काढलेला मुलीचा फोटो, बाजूला कृष्णविवराचं ते नारिंगी कडं असलेलं चित्र, आणि खाली शुभेच्छुक म्हणून सगळ्या चुलतभावांचे गॉगल घातलेले फोटो. एसटीतून उतरल्या उतरल्या मुलीने तो बघितला. दिरांनी अभिमानाने विचारलं, हे तुझंच ना? ती म्हणाली, नाही मोठे बाबा, हे कृष्णविवर दुसऱ्यांनी शोधलेलं आहे, माझं वेगळं. दीर म्हणाले, असू दे, भाऊबंदातलंच असेल.

रविवारी सकाळी आम्ही बायका स्वयंपाकघरात होतो. मुलगी माडीवर तिचा लॅपटॉप घेऊन बसली होती, तिथे मोबाइलला रेंज येते. बराच वेळ खाली आली नाही म्हणून मी चहा घेऊन गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. लॅपटॉप बाजूला उघडा.

"आई, माझं चुकलंय."

मी कप खाली ठेवला. तिने मला जवळ बसवून दाखवलं. तिच्या ओळखीच्या एकाने फार मोठ्या दुर्बिणीतून त्याच आकाशगंगेचं चित्र काढून पाठवलं होतं. आधीच्या चित्रांत उजेड मधोमध दिसत होता. या चित्रात तो मधोमध नव्हता, अगदी किंचित बाजूला होता. शिवाय तो उजेड आता एकसारखा उतरत चालला होता, आणि फुटलेल्या ताऱ्याचा उजेड तसाच उतरतो. म्हणजे कृष्णविवर जागं झालंच नव्हतं. त्याच्या शेजारी एक तारा फुटून मेला होता. इतक्या शेजारी, की सगळ्यांना एकच जागा वाटली.

मी विचारलं, "कोणाला कळलंय?"

"चित्र पाठवणाऱ्याने अजून नीट बघितलेलं नाही. मला कळलंय, आणि सरांना सांगितलंय."

ती रडत नव्हती. तिने परदेशातल्या तिच्या मोठ्या सरांना सकाळीच फोन केला होता. सर म्हणाले होते, घाई नको, अजून थोडी निरीक्षणं येऊ दे, मग दुरुस्ती छापू. त्यात खोटेपणा नव्हता, असं ती म्हणाली. शास्त्रात असं थांबतात. पण थांबायचं म्हणजे मुलाखत होऊन जाणार. यांना बोलावलं, यांनाही सांगितलं. हे म्हणाले, मुलाखत होऊ दे, मग सांग. सर एवढे शिकलेले, ते सांगतायत तर ऐक. इतकी वर्षं गेली तुझी. माझंही मन तेच म्हणत होतं. त्या एका जागेसाठी तिने काय काय सोडलं होतं ते मला माहीत होतं.

मुलगी म्हणाली, "बाबा, मुलाखतीत ते मला पहिलं हेच विचारतील. मी तिथे बसून जे मला आता खरं वाटत नाही ते समजावून सांगू?"

यांनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. ती म्हणाली, दुरुस्ती मी आजच लिहायला घेते. आणि उद्या मंडपात शाल घेताना तिथेच सांगते की ते कृष्णविवर जागं झालेलं नाही.

आता खरा प्रश्न दिरांचा होता. गावासमोर, सरपंचासमोर, त्यांना काही माहीत नसताना ती असं बोलली असती, तर त्यांना ते कायमचं लागलं असतं. आधी कोणीतरी त्यांना सांगायला हवं होतं. हे म्हणाले, माझ्याने होणार नाही, मी फ्लेक्सवर हार घालून आलोय. मुलगी म्हणाली मी सांगते, पण ती शास्त्राच्या शब्दांत सांगणार आणि दीर मधेच उठून जाणार हे मला दिसत होतं. आणि ते म्हणाले असते नको सांगू, तर तिला घरच्या मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणावं लागलं असतं.

आमच्याकडे धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलत नाही. पदर घेऊन बाजूला होते, काही सांगायचं असेल तर जावेला सांगते, जाऊ पुढे सांगते. नव्या सुना आता बोलतात, पण माझ्या लग्नापासून मी त्यांच्याशी एक शब्द थेट बोलले नव्हते. मला ते जडही गेलं नव्हतं, कारण मी कोणाशीच फार बोलत नाही.

दुपारी दीर जेवून ओसरीवर बसले होते. जाऊ त्यांच्याजवळ पान लावत होती. मी आतल्या दाराशी उभी राहिले, चौकटीला धरून. मुलगी माझ्या मागे होती. मी म्हटलं, "भाऊजी, उद्याच्या कार्यक्रमाचं बोलायचं होतं."

जावेच्या हातातलं पान तसंच राहिलं. दीर माझ्याकडे बघेनात. त्यांनी जावेकडे तोंड करून विचारलं, "इले इचार, काय म्हनस?"

जावेने मला विचारलं, काय म्हणतेस. मी सांगायला लागले. मी थेट त्यांना सांगत होते आणि ते प्रत्येक वेळी जावेकडे बघून प्रश्न विचारत होते, आणि जाऊ तोच प्रश्न मला पुन्हा विचारत होती, जणू मला ऐकू येत नव्हतं. मला मधूनच हसू यायला लागलं. मी कसंबसं सगळं सांगितलं. तिने दुरून एक उजेड बघितला. तो कृष्णविवराचा वाटला. जवळून बघितल्यावर तो शेजारच्या मरणाऱ्या ताऱ्याचा निघाला.

दीर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "म्हणजे लिलाव झाला आणि खळ्यावर वांधा निघाला."

हे आमच्या भागातल्या कोणालाही कळेल. बाजार समितीत ट्रॉलीतला वरचा कांदा बघून भाव ठरतो. मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर ट्रॉली रिकामी करताना खालचा माल कमी प्रतीचा निघाला, तर व्यापारी वांधा काढतो, म्हणजे तक्रार करून भाव पाडतो. त्यावरून भांडणं होतात.

मी म्हटलं, "हो, तसंच."

त्यांनी जावेला विचारलं, "वांधा तं व्यापारी काढस. शेतकरी सोता सांगस का कधी, खाले माल खराब शे म्हनीसन?"

जाऊ माझ्याकडे वळली. खाली माल खराब आहे असं शेतकरी स्वतः सांगतो का, हा प्रश्न तिने परत विचारायच्या आधी मी म्हटलं, "भाऊजी, आपली पोर सांगते आहे. बाहेर अजून कोणाला कळलेलं नाही. नोकरी जाईल हे माहीत असून सांगते आहे."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मग मागे उभ्या असलेल्या मुलीकडे बघितलं आणि जावेच्या हातातलं पान घेऊन तोंडात टाकलं. पान चावून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "शाल आनेल शे. वापस कोन ली?"

आणलेली शाल परत कोण घेणार, म्हणजे सत्कार होणार होता.

संध्याकाळी कानबाई बसली. सगळे गाणी म्हणत होते. मुलगी माडीवर लिहीत होती, मधूनच खाली येऊन आरतीला उभी राहत होती.

सोमवारी मंडप भरला. शाळेची मुलं पुढे बसवली होती. सरपंचांनी भाषण केलं, त्यात कृष्णविवरापेक्षा पाण्याच्या टाकीचं जास्त होतं. मग मुलीला शाल आणि नारळ दिला आणि माइक हातात दिला. ती म्हणाली, मी छापलं होतं ते बरोबर नाही, ते मला काल कळलं, आणि ते छापून यायच्या आधी मी तुम्हाला सांगते आहे. मग मुलांना कळेल असं सगळं सांगितलं. मंडपात कुजबुज झाली. हेडमास्तर उठून म्हणाले की मॅडम नम्रपणाने बोलत आहेत. ती म्हणाली, नाही सर, खरंच चुकलंय. लोक हसले. दिरांकडे बघायची हिंमत नव्हती.

मागच्या बाजूने एक म्हातारबाबा उभे राहिले. त्यांनी विचारलं, "मंग तारा मरना तो तू देखा?"

ती म्हणाली, "हो बाबा. मीच बघितला. पण मी त्याला दुसरंच काही समजले."

"ते बी मोठंच शे," असं म्हणून ते खाली बसले. मग मुलांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. तारा मरतो म्हणजे काय, आवाज होतो का, आपला सूर्य कधी मरेल. कार्यक्रम ठरल्यापेक्षा बराच लांबला आणि चहा गार झाला. परतताना फाट्यावर फ्लेक्स तसाच होता. दिरांनी तो काढला नाही. नंतर कळलं की त्यांनी तो कांदा साठवायच्या चाळीवर पावसासाठी टाकला. टिकाऊ निघाला म्हणे.

दुरुस्ती त्याच आठवड्यात गेली. तिच्या सरांनीही तिच्या नावाखाली आपलं नाव घातलं. महिन्याभराने मुलाखत झाली, नाशिकच्या घरातूनच, लॅपटॉपवर. मी शिलाई मशीन बंद ठेवलं आणि कुकर लावला नाही. आतून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, सगळं इंग्रजी. कधी ती भरभर बोलायची, कधी बराच वेळ शांतता. बाहेर आली तेव्हा चेहरा लाल. म्हणाली, अर्ध्याहून जास्त वेळ त्या चुकीवरच गेला. एकजण विचारत होते, तुमच्या बाकीच्या कामावर तरी विश्वास कसा ठेवायचा. ती म्हणाली, मी त्यांना सगळे आकडे उघडे करून दिले, तुम्हीच बघा म्हटलं.

ती जागा तिला मिळाली नाही. दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. यांनी बातमीचे उरलेले अंक माळ्यावर ठेवून दिले. मी फॉल लावत बसले. मुलगी म्हणाली, ज्याला मिळाली तो खरंच चांगला आहे, मी त्याचं काम वाचलेलं आहे. मग ती पुण्याच्या त्या कंपनीला कळवायची तयारी करायला लागली. कपाटातली जुनी पुस्तकं काढून बांधून ठेवली. मी विचारलं नाही कुठे टाकायची आहेत.

दिवाळीच्या आधी तिला एक मेल आला. मुलाखतीत बसलेल्या एका बाई शास्त्रज्ञांचा. त्या पुण्याकडच्या दुसऱ्या संस्थेत होत्या. त्यांनी लिहिलं होतं की कृष्णविवराच्या इतक्या जवळ फुटलेला तारा सहसा दिसत नाही, कारण सगळे त्याला कृष्णविवराचाच उजेड समजून पुढे जातात. असे आणखी किती तारे आपण चुकून दुसऱ्या नावाने नोंदवून ठेवले असतील, हे शोधायचं काम त्यांना सुरू करायचं होतं. जागा तीन वर्षांची. कायमची नाही.

मुलीने मला हे वाचून, मराठीत करून सांगितलं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो, चिवड्याचे पोहे भाजत. मी विचारलं, "आणि तीन वर्षांनी?"

"माहीत नाही."

"कंपनीतला पगार?"

"याच्या दुप्पट असेल."

मी पोहे हलवत राहिले. खरं तर मला तिने कायमच्या ठिकाणी जावं असंच वाटत होतं, घर घ्यावं, पातेली एकदाच घ्यावी. तिच्याकडे बघितलं तर ती मेलच पुन्हा वाचत होती आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी हिशोब करत होती. चूक सापडलेल्या दिवसापासून मी तिला तसं बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, "पुस्तकं सोडून ठेव परत. बांधून ठेवली की त्यांना वास येतो."

तिने कंपनीला येत नाही म्हणून कळवलं. यांना दोन दिवस राग आला, मग यांनीच तिच्यासाठी टेम्पो ठरवला.

जानेवारीत मी तिचं बिऱ्हाड लावायला तिच्याबरोबर गेले. संस्थेच्या आवारातच तिला छोटं घर मिळालं आहे. समोर झाडं आहेत. पडदे लांब झाले ते मी दुमडून हाताने शिवले. ती सकाळी जाते, दुपारी जेवायला येते, पुन्हा जाते. एक दिवस जेवायला आली नाही म्हणून मी डबा घेऊन तिच्या ऑफिसपर्यंत गेले. आत जायचा संकोच वाटला म्हणून व्हरांड्यात उभी राहिले. दार उघडं होतं. ती आणि त्या बाई शास्त्रज्ञ कॉम्प्युटरसमोर उभ्या होत्या. पडद्यावर नुसते ठिपके होते. बाई म्हणत होत्या की हा तारा नाही, आणि माझी मुलगी म्हणत होती की आहे. दोघी वाद घालत होत्या, एकमेकींचं बोलणं तोडत होत्या, आणि मग एकदम दोघी हसल्या. कशावर ते मला कळलं नाही. मुलीने बोटाने एक ठिपका दाखवला आणि म्हणाली, पुढच्या महिन्यात परत बघू, उतरला तर माझं खरं.

तिने मला बघितलं नव्हतं. मी डबा दाराजवळच्या खुर्चीवर ठेवला, पिशवीला गाठ मारली आणि घरी येऊन संध्याकाळची भाजी चिरायला घेतली.